वारा पडला तेव्हा

पुन्ता अरेनासमध्ये नोव्हेंबरात सगळेच वाकून चालतात.
नगरपालिका चौकाचौकात दोर बांधते,
माणसं दोर धरून, मान खाली घालून
सामुद्रधुनीवरून येणाऱ्या वाऱ्यात शिरतात.
म्हणून मी नोव्हेंबर निवडला.
डॉक्टरांना सांगितलं, तेव्हाच रजा मिळते.

पोस्टात सांगितलं, हर्निया.
खरी गोष्ट पोटात ठेवली,
म्हणजे जेवढं पोट उरलं तेवढ्यात.

पहिले नऊ दिवस आरामखुर्चीत झोपले,
सुताराच्या घडीच्या पट्टीसारखी, अर्धवट मिटलेली.
दोन्ही कुशींना नळ्या, नळ्यांच्या टोकांना
डाळिंबाएवढे दोन फुगे.
माझी नणंद दानित्सा ते सकाळ-संध्याकाळ रिकामे करायची
आणि विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायची:
पंचेचाळीस. अडतीस. पुन्हा पंचेचाळीस.
एकदाच म्हणाली,
"एवढ्या पैशांत छपराचे पत्रे बदलून झाले असते."
तेवढ्यात वरचा पत्रा धडाडला
आणि पोट धरून हसणं म्हणजे काय ते मला कळलं:
उशी घट्ट दाबलेली, डोळ्यांतून पाणी,
थांब गं, टाके, थांब.

इव्हो आणि मिर्को आता पंधरा वर्षांचे.
एकाच दिवशी आले, अडीच-अडीच किलोचे,
आणि येताना दार सताड उघडं टाकून आले.
स्नायूंची ती दोन कवाडं पुन्हा मिटली नाहीत,
मी काय काय करून पाहिलं तरी.
कुणासाठी केलंस, असं दानित्सानं विचारलं नाही,
त्यामुळे मलाही उत्तर शोधावं लागलं नाही.
पोस्टाचा निळा शर्ट खोचायचा होता.
एवढंच असेल. नसेलही.

बाराव्या दिवशी औषधाच्या दुकानापर्यंत गेले.
कुणी वळून पाहिलं नाही. वाकलेल्यांत वाकलेली.
तेराव्या दिवशी, चौदाव्या दिवशीही.
मग एका मंगळवारी वारा पडला.
वर्षातून चार-पाचदा असा पडतो,
कुत्री बावचळतात,
दोरीवरचे कपडे कुणी रागावल्यासारखे गप्प लोंबतात.
सगळं गाव ताठ उभं राहिलं
आणि फुटपाथवर मी एकटी,
पडलेलं नाणं शोधणारी.

समोरून ओतिलिया आली, पार्सल विभागातली.
तिनं पाहिलं. पुरेसं पाहिलं.
"हर्निया," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.
आणि मग तीही कमरेत वाकली, माझ्याएवढी,
तोंडासमोर तोंड आणून
नव्या वजनकाट्याबद्दल बोलू लागली,
मेला शंभर ग्रॅम जास्त दाखवतो म्हणाली,
आणि आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत तशाच चालत गेलो
वाऱ्याशिवाय.

बेंबीच्या वर माझा एक तीळ होता.
मुलं लहानपणी तो दाबायची:
टिंग टाँग, आई आहे का घरात?
कातडी खाली ओढली तेव्हा तीळही सरकला,
आता पट्ट्याच्या बकलाखाली राहतो.
अंघोळीच्या वेळी दाबून पाहते.
बोटाला पोट कळतं,
पोटाला बोट कळत नाही.
आतल्या तारा जोडल्या जायला वर्ष लागेल म्हणतात.

सातव्या आठवड्यापासून पुन्हा काउंटरवर आहे.
शर्ट खोचलेला. दुपारनंतर पोट सुजतं,
तेव्हा बाहेर काढते, काउंटरमागे कुणाला दिसतं.
चार किलोंच्या वरचं काही आलं
की ओतिलिया न बोलता आपल्याकडे ओढते.
आज पलीकडच्या किनाऱ्यावरून, पोर्वेनिरहून, एक आलं,
सुतळीनं बांधलेलं, लोकर असावी, दाबलं तर मऊ.
तिचा हात पोचायच्या आत मी उचललं,
काट्यावर ठेवलं.
चार किलो साठ ग्रॅम.
शंभर वजा केले.